हात पाठीमागे ठेवणारे जावई

अख्ख्या रायगड जिल्ह्यात माझ्या जावयाइतका घाबरट माणूस दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो यांच्या शेजारी राहून घाबरायला शिकला असेल. रोह्याला लागून वरसे, तिथे यांचा फ्लॅट. कुलूप लावलं की ओढून बघतात, रिक्षात बसले की उतरून पुन्हा ओढतात. बाहेरगावी असले तर आपला गॅस बंद आहे का ते बघायला शेजारणीला पाठवतात, आणि मग आपल्या घरी येताना तिने स्वतःचा गॅस बंद केला होता का, याची काळजी यांनाच लागते. माझी मुलगी अशा माणसाबरोबर हसतमुखाने नांदते, हा गुण तिने माझ्याकडून घेतला.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. मी चौथीत शाळा सोडली ती मातीत हात घालायला, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. लग्न ठरताना हे पहिल्यांदा कारखान्यात आले आणि ओल्या मूर्तीच्या कानाला बोट लावून म्हणाले, "अजून मऊ आहे का?" कान वाकडा. मी ओरडलो, "अहो, बघायचं! हात लावायचा नाय!" झालं. तेव्हापासून कारखान्यात पाऊल टाकलं की यांचे दोन्ही हात पाठीमागे. गिऱ्हाइकं आपापल्या नावाचे पाट घेऊन येतात, कुणी सोंडेला टिचकी मारतं, कुणी उंदराला गोंजारतं. हे आपले तपासणीला आलेल्या साहेबासारखे उभे. समोर चहा ठेवला तरी विचारतात, "मामा, घेऊ?"

नोकरी कंपनीची, पण काम घरी बसून. कंपनीच्या सगळ्या शाखांची माहिती काँप्युटरमधल्या एका मोठ्या कोठारात भरलेली असते म्हणे. तिथे तक्तेच तक्ते, आणि कुठला तक्ता कशापासून बनवला तेही तिथेच लिहिलेलं. आता त्या कोठारात एआयचे एजंट सोडायचे. एजंट म्हणजे माणूस नव्हे, सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्राम. त्याला आत फिरता यावं, हवा तो तक्ता शोधून वाचता यावा, असं साधन जावई बनवत होते.

"मग यात घाबरायचं काय?" मी विचारलं.

"मामा, तो आत जाऊन काहीतरी पुसून टाकेल. नाहीतर सापडलं नाही की मनाने ठोकून देईल. म्हणून मी त्याला फक्त डोळे दिलेत, हात दिलेच नाहीत. मी तुमच्या कारखान्यात उभा राहतो ना, तसा."

ते साधन माझ्या ओरडण्यातून निघालं, असं मी त्या दिवसापासून पेणमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो.

पण कंपनीचं म्हणणं असं, की साधन चाललं तर ठीक, नाहीतर घरून काम बंद, बंगळूरला हजर व्हा. बंगळूर म्हणजे मुलगी गेली. आता कशी, मनात आलं की रोह्याहून गाडी धरते, रंगाच्या वाट्या घासते, मला दटावून गोळ्या देते आणि संध्याकाळी परत. जावयाची भीती हळूहळू मलाच चिकटली. सारखा फोन लावायचो, "काय गो, चालतंय काय त्यांचं?"

"बाबा, तुम्ही पण? घरात एक हाय तो पुरे हाय मला!"

साधन दाखवायच्या दिवशी नेमकी वरशाला वीज नाही. जावई लॅपटॉप छातीशी धरून पेणला आले. सुकत ठेवलेल्या मूर्तींच्या मध्ये, रिकाम्या पाटांच्या थप्पीवर लॅपटॉप मांडला. पडद्यावर कंपनीची माणसं. देव्हारा घरी राहिला, म्हणून मी समोरच्याच मूर्तीला मनात म्हटलं, 'यांचं काम होऊ दे, आणि इथेच होऊ दे.'

एका बाईंनी प्रश्न टाकला, अमक्या शाखेतून परत आलेला माल किती? एजंट कोठारात शिरला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. हा तक्ता उघडला, तो वाचला, तो कशातून आला ते पाहिलं. जावयांच्या कपाळावर घाम, हात पाठीमागे. माझेही कधी मागे गेले ते कळलं नाही. शेवटी उत्तर आलं: त्या शाखेची ही माहिती कोठारात आलेलीच नाही, त्यामुळे आकडा सांगता येत नाही.

मला वाटलं, गेली पोरगी.

मग त्या बाई हसल्या. "मुद्दाम विचारलं होतं. आधी ज्यांचं ज्यांचं साधन पाहिलं, त्यांच्या एजंटने आकडा ठोकून दिला होता."

मी पेढे आणायला चपला घातल्या, तेवढ्यात त्यांचे मोठे साहेब बोलले, "इतकं चांगलं जमलंय, तर इकडे बंगळूरलाच या. दोन वर्षं आमच्या लोकांना शिकवा."

जावयांनी आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळले. "मामा, हो म्हणू?"

"म्हणा की. मला काय विचारता?"

नंतर ध्यानात आलं, त्या मूर्तीचे डोळे काढायचे राहिले होते. डोळे नसलेल्या गणपतीकडे मागितलं तर अर्धंच पोचणार. 'काम होऊ दे' पोचलं, 'इथेच' राहून गेलं.

पुढच्या महिन्यात निघतील. परवा निरोपाचं जेवण झाल्यावर मी त्यांना कारखान्यात नेलं. एक मूर्ती ओली होती. म्हटलं, "लावा हात. कानालाच लावा."

"नको मामा, वाकडा होईल."

"होऊ दे."

त्यांनी मागचा एक हात सोडवला, बोट टेकवलं न टेकवलं आणि पुन्हा मागे नेलं. ते गेल्यावर मी मूर्ती उजेडाकडे वळवून बोटाचा ठसा शोधत बसलो. नाय सापडला.