वाजलं म्हणजे सुई नव्हे

कपड्यांच्या कारखान्यात शिवून झालेला प्रत्येक नग शेवटी एका मशीनखालून जातो. कापडात सुईचा तुकडा राहिला असेल तर मशीन वाजतं. त्या मशीनवर एकोणीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे सुईमावशी म्हणत.

मशीन वाजलं की नव्या पोरींच्या तोंडचं पाणी पळायचं. मावशी मात्र ढिम्म. "वाजलं म्हणजे सुई नव्हे गं! दिवसाला दोन हजार नग जातात. हे बोंबलतं तीसदा आणि सुई निघते फार तर एकदा. बाकी चेन, नाहीतर बटण. पुन्हा घाल."

मग एक दिवस मावशींचंच वाजलं. छातीच्या तपासणीत गाठीसारखं काहीतरी दिसलं. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, "अशा शंभर जणींना परत बोलावतो, त्यातल्या नव्वद जणींना काहीच नसतं. हा आजार मुळात थोड्यांनाच असतो ना." मावशींना हसू आलं. हे त्यांना कोण शिकवणार!

तरी घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लेकीची गादी उन्हात घातली. लेक परदेशात. चार वर्षं झाली, फिरकली नव्हती. वाईट नव्हती हो पोर, पण नोकरी, लेकरं, सुट्ट्या यांतून आईपर्यंत पोचायचीच नाही. "तसंच काही असलं तर लगेच निघेन," असं मात्र दर फोनला म्हणायची.

संध्याकाळी फोन लावला. "तपासणीत काहीतरी दिसलंय गं."

पलीकडे लेकीचा आवाज फुटला. "आई! मी तिकीट बघते. उद्याच निघते."

एवढंच तर हवं होतं. गप्प बसलं की झालं. मावशी गप्प बसल्याही, चांगलं अर्धं मिनिट. पलीकडे लेक रडत होती.

"रडू नकोस. शंभरातल्या नव्वद जणींना काही नसतं. मशीन वाजलंय नुसतं."

"खरंच? डॉक्टर म्हणाले असं?" लेकीने श्वास सोडला. "मग दुसरी तपासणी होईपर्यंत थांबू?"

"थांब."

दुसऱ्या तपासणीत काही निघालं नाही. "सुटले गं बाई!" लेक फोनवर हसली. मावशीही हसल्या; जगायचं त्यांनाही होतंच. पण लेक यावी, म्हणून त्या नव्वदांत आपण नसावं असं क्षणभर वाटून गेलं होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गादी मात्र महिनाभर गुंडाळली नाही.