पुढे लावलेली पाटी

ओनीडा प्रुइट आणि मी उमेदीची सगळी वर्षं एकाच शेडमध्ये कालवं फोडली. सुरीवरचा तिचा हात घसरलेला मी पाहिला नाही. खाडीतली कालवं संपत आली, शेडला टाळं लागलं. मी घरी बसलो. ती बसली नाही.

कालवाच्या पिल्लांना चिकटायला तळाशी जुने शिंपले लागतात. ते टाकायचे तर पैसा हवा. म्हणून तिने सरकारकडे गाड्यांसाठी कालवाचं चित्र असलेली नंबरपाटी मागितली. जो ती घेईल तो दरवर्षी थोडे जास्त पैसे भरील, आणि ते खाडीला मिळतील. अट एकच: नाताळच्या आत पुरेशी आगाऊ नोंदणी. नाही झाली, तर पाटी छापणारच नाहीत.

ओनीडाने नमुन्याच्या पाट्या करून घेतल्या आणि नोंदणीचा शब्द देणाऱ्यांना वाटल्या. आमच्या फ्लोरिडात नंबर गाडीच्या मागेच असतो. पुढे ज्याची त्याची हौस. कुणाचा फुटबॉलचा संघ, कुणाचा येशू. बघता बघता निम्म्या गावाच्या गाड्यांपुढे कालव झळकलं. गाड्यांच्या सरकारी कचेरीत नोंदणी मात्र मूठभर.

“अगं, मी लावली की!” पाद्रीसाहेबांची बायको म्हणाली.

“पुढे लावलीस. पुढच्या पाटीचा खाडीला छदाम मिळत नाही.”

सगळ्यांचं तेच. पाटी लावली, काम झालं.

त्या रविवारी चर्चमध्ये गाणी चालू असताना ओनीडा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर पडली. ती स्क्रू काढत गेली, मी पाट्या धरल्या. ज्याचे स्क्रू त्याच्या वायपरखाली, कागदात गुंडाळून. एकही इकडचा तिकडे नाही.

लोक बाहेर आले. शेरीफचा डेप्युटी, म्हणजे आमचा पोलीस, कॉय रेनी आपल्याही गाडीची पाटी गेलेली पाहून लालबुंद झाला.

“मावशी, ही चोरी आहे!”

“चोरी कसली? पाटी माझी. नोंदणीची पावती दाखव, मी स्वतः लावून देते.”

“आणि तुम्हाला आत टाकलं तर?”

“उद्या टाक, आज कचेरी बंद. जाताना वाटेतच लागते. नोंदणी करून घे.”

पाद्रीसाहेबच आधी हसले. मग कॉयलाही हसावं लागलं.

सोमवारी कचेरीपुढे रांग होती आणि तिच्या तोंडाशी कॉय. नाताळच्या आधीच नोंदणी पुरी झाली.

पुढच्या वर्षी त्या पैशांतून शिंपल्यांची पहिली होडी भरली. ओनीडा धक्क्यावर उभी राहून चिखल लागलेले शिंपले बाजूला काढायला लावत होती.

“यांना पिल्लू चिकटत नाही,” ती म्हणाली. “परत धुवा.”