शिक्क्याऐवजी धान

मी फौजेत हवालदार होतो. जवानांना पिस्तूल शिकवायचो, म्हणून सगळे मला उस्ताद म्हणत. गाव मोहाडीजवळ. शेवटचं पोस्टिंग काश्मीरमध्ये होतं. तिथे आमच्या कंपनीत भंडाऱ्याकडचा आणखी एकच जण होता, लाखांदूरचा नायक मोरेश्वर.

घराची झडती घेताना सर्वांत पुढचा जवान पिस्तूल घेऊन आत शिरतो. अरुंद दारात रायफल वळत नाही. मोरेश्वरला ती जागा हवी होती. दुसऱ्याच्या पाठीआड चालणं त्याला जमत नसे. पण रेंजवर त्याच्या गोळ्या टार्गेटच्या खाली जात. पुढच्या टेस्टमध्ये नापास झाला असता, तर टीममधून बाहेर.

सिनेमात दाखवतात तसं पिस्तूल चालत नाही. दोन्ही हातांची पकड घट्ट, नजर नळीच्या टोकावरच्या फोरसाइटवर, ट्रिगर हळूच मागे. बस. मोरेश्वरचा हात मात्र आवाजाच्या धास्तीनं गोळी सुटायच्या आधीच खाली दबायचा. ही खोड मोडायला रिकाम्या पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सपाट भागावर, शिक्का ठेवतात, एखादं नाणं. ट्रिगर दाबल्यावर तो पडता कामा नये. मोरेश्वरचा रोज पडायचा, खणकन.

"उस्ताद, शिक्का वाजला का सारी बराक हासते. मले लय शरम वाटते."

"मंग तांदूळ ठेव. वाजनार नाई."

तो लंगरमधून तांदूळ घेऊन आला. दाणे घसरून पडले. मीच कपाळावर हात मारला. "धानाच्या देशातले दोघं, अन् आपल्याले अक्कल नाई! तांदूळ गुळगुळीत असते. घरून धान बलाव, टरफलासकट."

त्याच्या आईनं बियाण्याच्या धानातले भरदार दाणे निवडून धाडले. मोरेश्वर रोज संध्याकाळी खाटेवर बसून सराव करायचा. हळूहळू दाणा टिकायला लागला. टेस्टमध्ये त्याच्या सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. त्या दिवशी लंगरमध्ये त्यानं मला दुप्पट भात वाढला.

काही आठवड्यांनी अतिरेकी लपल्याच्या खबरीवरून एका गावाला घेरा पडला. सकाळची वेळ होती. मी घेऱ्यात, ओढ्याच्या बाजूला. रेडिओवर मोरेश्वर बोलला, "अल्फा वन. दरवाजा खुला है. अंदर जा रहा हूँ. ओव्हर."

"रॉजर."

लागोपाठ दोन गोळ्या. पिस्तुलाच्या. मग वरून रायफलचा लांब बर्स्ट.

"अल्फा वन हिट! अल्फा वन हिट!"

जिन्याखाली दबा धरून बसलेल्याला मोरेश्वरनं पाडलं होतं. माळ्यावर दुसरा होता. मोरेश्वरच्या मागचे दोघं सुखरूप बाहेर आले, त्याला उचलून. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो राहिला नाही.

त्याला घेऊन मी लाखांदूरला गेलो. सलामी झाली, अग्नी दिला. माणसं पांगल्यावर आईनं मला जवळ बसवलं.

"बापू, पोरगा फोनवर म्हने, 'माय, मावा हात दचकते.' म्हून मी धान धाडलं. आखरीच्या टायमाले दचकला का जी?"

जिन्याखालच्या माणसाला लागलेल्या दोन्ही गोळ्यांच्या जखमा मी पाहिल्या होत्या. तळहाताखाली झाकल्या असत्या.

"नाई माय. नाई दचकला."

तिनं मान हलवली. सकाळपासून रडली नव्हती, तेव्हा रडली. मीही रडलो.

ते दोघं जवान दर दिवाळीला तिला फोन करतात. मी आता पेन्शनवर आहे. धान कापून झालं की लाखांदूरची एसटी धरतो. ती जेवू घालते, मोरेश्वरच्या लहानपणीचं सांगते. उठताना दरवेळी तेच विचारते, आणि मी दरवेळी तेच सांगतो.