ट्रंकेतले बारा शब्द

विजयमालाबाईंनी आयुष्यात एकदाच कुणावर डोळे झाकून विश्वास टाकला, आणि तोही सख्ख्या नवऱ्यावर. यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

बाई कुपवाडच्या एमआयडीसीत वॉल्व्हच्या कारखान्यात कामाला. गेज लावून माल तपासायचा, केसभर जरी इकडंतिकडं झालं तरी रिजेक्ट, मग सुपरवायझर कितीही नाक मुरडो. पाच वर्षं ओव्हरटाइमचे पैसे त्या मोबाइलमधल्या क्रिप्टोच्या वॉलेटात टाकत आल्या. कुपवाडातच गाळा घ्यायचा, दोन ड्रिल मशीन बसवायची, दारावर स्वतःच्या नावाची पाटी. एवढंच डोक्यात. त्या वॉलेटची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याच्या हाती शब्द त्याचा पैसा. तक्रार करायला ना बँक, ना मॅनेजर.

नवरा नाथाजी, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी आवाज चढवणं नाही. दोन वर्षं एकच धोशा, "विजे, उद्या तुला काय झालं तर? मला तरी सांगून ठेव की." शेवटी बाईंनी शब्द लिहून दिले.

आता फौजी माणूस तो! कागद हरवतो, भिजतो; ट्रंकेवर रंगवलेलं नाव-नंबर कधी हरवत नाही, हे सव्वीस वर्षं अंगात मुरलेलं. गड्यानं गावाकडं, शिराळ्याच्या वाडवडिलांच्या घरी जाऊन आपली काळी ट्रंक ओढली आणि झाकणाच्या आतून पांढऱ्या ऑइलपेंटनं बाराच्या बारा शब्द ओळीनं रंगवले. वर नंबरसुद्धा घातले!

नागपंचमीला शिराळ्याच्या त्या घरात पाहुण्यांची ही गर्दी. पुतणी सृष्टी गोधड्या काढायला गेली, ट्रंक उघडली आणि तिला हसू आवरेना. फोटो काढून तिनं भावकीच्या ग्रुपवर टाकला, 'काका इंग्रजी शिकतायत!' ग्रुपवर माणसं त्रेसष्ट.

बाईंना सुट्टी मिळाली नव्हती. चहाच्या वेळी मोबाइल उघडला तर समोर आपलेच बारा शब्द. हातातलं गेज टाकून त्या मशीनच्या आड गेल्या, नवं वॉलेट काढलं, त्याचे नवे शब्द चिठ्ठीवर उतरवले आणि सगळा पैसा तिकडं हलवला. पोचला असं दिसेपर्यंत जिवात जीव नव्हता. मग मात्र असा संताप आला म्हणता!

सुट्टी होताच स्कूटीवरून थेट शिराळा. पुढच्या सोप्यात थोरले दीर आप्पासाहेब, दोन-चार पाहुणे, आणि तोंड एवढंसं करून बसलेला नाथाजी. पैसा नव्या वॉलेटात हलवल्याचं बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं.

"चुकलं माजं," नाथाजी म्हणाला. "नवं शब्द दे. आता कुठं लिवत न्हाई, पाठच करतो."

"देणार न्हाई."

आप्पासाहेब खाकरले. "नवऱ्यापासनं लपवाछपवी? विश्वास हाय का न्हाई तुजा?"

थोरल्या दिरापुढं बाईंनी कधी ब्र काढला नव्हता. आज सरळ समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"विश्वास हाय की, आप्पा. लय हाय, म्हणून तर दिलं हुतं. पर घाम माजा हाय. मी मेल्यावर काय करायचं ते बंद पाकिटात घालून वकिलाकडं ठेवीन, लेकीच्या नावानं. पिंकी आता सज्ञान हाय. मी जित्ती हाय तवर शब्द माज्यापाशी."

नाथाजीला ते लागलं. "नवरा-बायकोत तुजं-माजं कवापासनं गं?"

बाई त्याच्याकडं वळल्या. "आवं, तुमच्या पेन्शनच्या एटीएमचा नंबर कुणाला ठावं हाय?"

आप्पासाहेबांनी मान खाली घालून चहाचा कप उचलला. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता, कार्ड आलं त्या दिवसापासून.

"सा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मी इचारला का कवा?"