अंधाराची पारख

सुमनमावशीच्या घरात पाऊल टाकले की आधी पाठीमागे कुलपाचा खटका वाजे, आणि मग डिस्क आत ओढून घेणाऱ्या प्लेअरची मऊ घरघर. लखनौच्या तेलीबागेतल्या त्या घरात दुपार अशीच सुरू होई: औषधी तेलाचा वास, ओढलेले पडदे आणि टीव्हीवर सूड. आज मावशी आणि काका दोघेही नाहीत. ती घरघर मात्र माझ्या कानातून जात नाही.

कुलूप काकांसाठी होते. संशोधन संस्थेत आयुष्य वेचलेल्या काकांची स्मृती विरत गेली होती. ‘लॅबला उशीर होतोय’ म्हणून एकदा बाहेर पडले, ते आलमबागच्या बस अड्ड्यावर सापडले. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली मावशीच्या कमरेला. मराठी त्यांच्या ओठांवरून गळून गेली होती. उरली होती परक्याशी बोलावी तशी अदबशीर हिंदी.

“बहनजी, हमारी मैडम कब आएँगी?” बायकोची वाट पाहत ते मावशीलाच विचारत.

“आती ही होंगी, साहब,” म्हणत ती त्यांच्या हनुवटीवरचा भात पुसे.

मावशीचा चित्रपट एकच. वर्षानुवर्षे खोलीत कोंडलेली बाई सुटते आणि कोंडणाऱ्यांना एकेक करून गाठते. पण तिचे प्रेम कथेवर थांबत नसे. जुन्या डीव्हीडीत खोलीतल्या काळोखाचे चौकोनी तुकडे पडत, तेव्हा ती भाजी करपल्यासारखा चेहरा करी. “अंधारसुद्धा नीट दिसायला हवा गं. ती त्यात राहिलीये!” पुढच्या आवृत्तीत कुणी चित्र इतके गुळगुळीत केले, की मावशी भडकलीच. “इतकी वर्षं कोंडलेली बाई, आणि गालावर एक सुरकुती नाही? फेशियल करून सूड घ्यायला निघालीये जशी!”

“आणि तू कुणावर घेशील गं सूड?” मी विचारले.

“यांच्यावर? ओळखतसुद्धा नाहीत मला. मजाच नाही त्यात.”

अखेर मूळ रिळांवरून नव्याने केलेली डिस्क आली. मावशीने हौसेने मागवली, पण तिच्या प्लेअरने ती वाचलीच नाही. डिस्क होती फोर-के. अंधाराच्या छटा मोजणाऱ्या मावशीने वेष्टनावरची अक्षरे पाहिलीच नव्हती. फोर-के चालवणारा प्लेअर माझ्या गोमती नगरच्या घरी होता. मी म्हटले, “तू माझ्याकडे जा. मी बसते काकांजवळ.”

ती टाळत राहिली. काका पुन्हा निसटतील या धास्तीने, असे मला वाटे. शेवटी एकदा, भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “मी नसताना त्यांना मी आठवले तर? तेवढ्यासाठी तर बसलेय इथे.”

तरी एका दुपारी मी माझ्या घराची किल्ली तिच्या हातात कोंबली. “जा गं, ऑटो खाली उभी आहे.” डिस्क छातीशी धरून, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी ती गेली. तिच्या कमरेची किल्ली घेऊन मी आतून कुलूप लावले.

घर एकदम लहान झाले. पडद्याच्या फटीतली उन्हाची रेघ काकांच्या पावलांवरून सरकत होती. मुठीतली किल्ली घामेजली होती. तळहाताला लोखंडाचा वास येत होता. एव्हाना तिकडे चित्रपटातली ती बाई खोलीबाहेर पडली असेल, आणि मावशी टीव्हीजवळ सरकून तिच्या गालावरच्या सुरकुत्या शोधत असेल.

काकांनी मान वळवली. चेहऱ्यावर नेहमीची अदब नव्हती. त्यांनी माझे मनगट घट्ट धरले, आणि कितीतरी वर्षांनी घरी परतलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले,

“सुमन.”