तळ्याखालचा कागद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, स्वतःशीसुद्धा कधी धड बोलले नाही. आणि आधीच सांगून ठेवते — वाचून माझी कीव आली, तर ती तुमच्यापाशीच ठेवा. मला नको आहे.

मी बागा आखते. कुठे सावली हवी, पाणी कुठून वाहील, कुठलं झाड कमी पाण्यावर तग धरेल, हे ठरवणं माझं काम. पुण्यात शिकले आणि हट्टाने गेवराईला परत आले. तेव्हा हायवेच्या कडेने, माळावर नवी घरं उठत होती. त्यातल्याच एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने बागेचं काम मला दिलं. दुष्काळात बाग! सगळे हसले. चेअरमन तर तोंडावर म्हणाले, "ताई, हितं माणसाला पाणी न्हाई, अन् तुमी झाडं कावून लावताव?" मी इरेला पेटले.

आणि करून दाखवलं. कडुनिंब, बहावा, करंज — सगळी इथलीच झाडं. माळावरून एक ओढा उतरायचा, तो बांध घालून अडवला आणि तळं केलं. लांबलांबून लोक बघायला यायचे. पावसाचं पाणी आम्ही जमिनीत मुरवतो, असं मी त्यांना सांगायचे. टाळ्या पडायच्या. खोटं होतं ते! तळ्याच्या तळाशी मी काळा प्लास्टिकचा कागद अंथरला होता, शेततळ्याला अंथरतात तसा, आणि वर गोटे पसरले होते. थेंबही मुरत नव्हता. मुरू दिला असता, तर उन्हाळ्यात झाडांना काय घातलं असतं?

पण थांबा. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

ओढ्याच्या खालच्या अंगाला ऊसतोड करणाऱ्यांची वस्ती आहे. त्यांची एकच विहीर, त्याच ओढ्याच्या पाझरावर चालणारी. आत एक दगड पुढे आलेला आहे. दसरा झाला, की कारखान्याला निघण्याआधी बायका विहिरीत डोकावतात. दगड पाण्याखाली असला, तर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहतात. उघडा पडला असला, तर सगळं घर ट्रॅक्टरमध्ये. तळं केलं त्या वर्षी परतीच्या पावसाची एकच मोठी सर आली, ती माझ्या तळ्यातच राहिली. दगड उघडा होता.

जनाबाई माझ्या बागेत खड्डे खणायला यायची. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला विहिरीवर नेलं. "ताई, तुमी पाण्याचंच शिकलाव. झरा लागंल का? सासूला अन् पोरीला ठिवून जाऊ का न्हाई, तेवढं सांगा."

झरा कुठे अडलाय, हे फक्त मला माहीत होतं. खरं बोलले असते, तर ती दोघींना सोबत घेऊन गेली असती. पण झरा का लागणार नाही, असा जाब वस्तीने विचारला असता, आणि बांध फोडावा लागला असता. माझी झाडं अजून कोवळी होती —

"लागेल," मी म्हणाले. "खुशाल ठेव."

घाबरले होते का? छे. मला झाडं जास्त प्यारी होती, बस्स. तुम्ही म्हणाल, वय लहान होतं, नाव करायचं होतं. नका म्हणू. चांगली जाणती होते मी.

संक्रांतीनंतर विहीर आटली. टँकर नेमाने येत नव्हता. जनाबाईची सासू, पारूआजी, तळातलं पाणी वाटीने भरायला आत उतरली आणि त्याच दगडावरून घसरली. कंबर मोडली. तिला उठवायला-बसवायला नात घरी राहिली, ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. जनाबाई परत आली, तेव्हा उलट तिनेच माझी समजूत काढली. "तुमी तरी काय करताव ताई, पाऊसच न्हाई." मी मान हलवली. हो, हलवली! ती मान हलवणं मला विहिरीवरच्या खोट्यापेक्षा जास्त टोचतं.

आता झाडं मोठी झालीत. सोसायटीतली माणसं सावलीत बसून माझं कौतुक करतात. हे वाचून चिडतील. चिडू देत. वस्ती कुदळी घेऊन बांधावर येईल. येऊ दे, कागद कुठे आहे ते मी सांगितलंय.

पारूआजी अजून दारात बसलेली असते. कुणी विचारलं की सांगते, "दुष्काळानं पाडलं बया मला."

दुष्काळाने नाही, आजी. पाणी होतं. तुमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, माझ्या झाडांखाली होतं.