बारा आण्यांच्या नोट्स

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अर्थशास्त्रातही वर्गात पहिला होतो, हे सांगायला मला लाज नाही. सत्तरच्या दशकात सांगलीला शेवटच्या वर्षाला असताना, वडिलांनी परीक्षेच्या फॉर्मसाठी पाठवलेले पैसे मी स्टेन्सिल आणि कागदात घातले. माझ्या नोट्सच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या आणि किंमत ठेवली तीन रुपये. मेहनतीला तेवढं मोल हवंच, असं मला वाटायचं.

खपल्या दोनच. फॉर्मची मुदत चार दिवसांवर आली, तेव्हा बघतो तर आख्खं होस्टेल त्याच दोन प्रतींवरून हातानं उतरवून घेत बसलेलं. वर, न लागलेलं अक्षर पोरं मलाच विचारत होती!

"चोर हायसा तुमी सगळे," मी ओरडलो.

माझा आटपाडीचा खोलीसोबती हसला. "चोर कशाला म्हंतोस रं? वही अन् शाई धरून मला बारा आण्याला पडतंय, बोटं दुखत्यात ती येगळीच. तू बारा आण्याला दे, मग कोण लिवत बसतंय गड्या?"

राग आला, पण म्हणणं पटलं. माझी मेहनत एकदाच झाली होती. पडून राहिलेल्या प्रती रद्दीच होत्या. त्याच संध्याकाळी भाव बारा आणे, म्हणजे पाऊण रुपया केला. अर्धवट लिहिलेल्या वह्या मिटून पोरं रांगेला लागली. तिसऱ्या दिवशी मी त्या पैशांतून कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म भरला, बाहेर पायरीवर बसलो आणि छाती भरून श्वास घेतला. वडिलांना काहीच कळवावं लागलं नाही.